बसमधून न उतरलेल्या शेजाऱ्यांस

बोरिवली (पश्चिम)

आमच्या इमारतीतल्या सहलीच्या मंडळींनो,



गेल्या जानेवारीच्या शेवटी आपण सगळे मिळून छत्रपती संभाजीनगरच्या सहलीला गेलो, त्याबद्दलचं हे पत्र फार उशिरा लिहिते आहे. मधे होळी झाली, गणपती झाले, लिफ्टमध्ये रोज भेट होते, एकमेकांची विचारपूस होते. सहलीतल्या त्या सोमवारबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही, मीही नाही. त्या दिवशी बसमध्ये तोंड उघडलं असतं तर मला रडू आलं असतं. सदुसष्ट वर्षांची बाई सहलीच्या बसमध्ये कशासाठी रडते आहे, हे तुम्हाला कळलं नसतं. म्हणून गप्प बसले. पण मनातून ते जात नाही. आणि हे पत्र नोटीस बोर्डावर न लावता छापायला देते आहे, कारण आपल्या बसमध्ये जे झालं ते बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरीहून वेरूळ-अजिंठ्याला निघणाऱ्या इतर बसमध्येही होत असणार, असं मला वाटतं. फक्त तिथं माझ्यासारखी एखादी माहेरवाशीण बसलेली नसते.

ती सहल आखायला तुम्हीच मला सांगितलं होतं. "काकू, तुमचं माहेर तिकडचं, तुम्हीच ठरवा." मी दोन महिने त्यात होते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे धरून दिवस लावले. शनिवारी वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद. रविवारी अजिंठा. सोमवारी सकाळी बीबी का मकबरा, पाणचक्की, आणि मग दहा ते साडेअकरा जामा मशीद आणि तिच्या भोवतीचं जुनं शहर. हा शेवटचा दीड तास मी माझ्यासाठी मागून घेतला होता. कागद सगळ्यांच्या घरी गेला होता. कुणी हरकत घेतली नव्हती.

मशिदीत येणाऱ्याजाणाऱ्यांची व्यवस्था पाहणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या घरच्यांशी माझ्या वडिलांची जुनी ओळख. त्यांना मी फोन केला. दुपारच्या नमाजाच्या बऱ्याच आधी या म्हणजे अंगण मोकळं मिळेल, बायकांनी डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यावी, चपला बाहेर काढाव्यात, फोटो खुशाल काढा पण नमाज पढणाऱ्या माणसाचा काढू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. किती जण येणार, हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं. मी अडतीस सांगितलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. आमखास मैदानाशी बस थांबली. पुढच्या सीटवरून कुणीतरी विचारलं, इथं काय आहे? मी म्हटलं, आपली मशीद बघायची आहे ना. "आपली" हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला. मागून आवाज आला, औरंग्याची मशीद बघायला आलोय का आपण? दोघं-तिघं हसले. एका वहिनींनी माझ्या हाताला धरून हळूच सांगितलं, या वस्तीत पोरीबाळींना घेऊन कशाला उतरायचं, काकू. कुणाला पैठणीच्या दुकानाची वेळ आठवली. शेवटी आपल्या अध्यक्षांनी तोडगा काढला, "काकू, तुम्ही निवांत जाऊन या, आम्ही बसतो बसमध्ये." अडतीस जणांतून आम्ही चौघं उतरलो. मी, तळमजल्यावरच्या आजी, चौथ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आणि एक नववीतला मुलगा.

ते गृहस्थ दाराशीच उभे होते. त्यांच्यामागं सतरंजी अंथरलेली, तिच्यावर चहाच्या दोन मोठ्या किटल्या, उपडे घातलेले पेले आणि परातभर खजूर. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. बस तिथून दिसत होती. "बाकी लोग?" त्यांनी विचारलं. मी खोटं बोलले. लोक थकले आहेत म्हटलं. "कोई बात नहीं बेटा, सफर में होता है," एवढं म्हणून त्यांनी स्वतः वाकून आम्हाला चहा ओतला. आणि एक किटली एका मुलाच्या हाती देऊन बसकडे पाठवली.

बसची एकही काच उघडली नाही. तो मुलगा किटली घेऊन दारापाशी थोडा वेळ उभा राहिला. ड्रायव्हरनं एक पेला चहा घेतला, बाकीची किटली तशीच परत आली.

मंडळी, मला दुखावलं ते या परत आलेल्या किटलीनं. मशीद न बघणं हा तुमचा अधिकार आहे. थकवा असतो, गुडघे दुखतात, देवधर्माचे प्रत्येकाचे संकोच असतात. पण माझ्या माहेरी माझ्या नावावर पस्तीस-चाळीस माणसांची तयारी केलेल्या एका म्हाताऱ्या माणसापुढं तुम्ही मला एकटीला उभं केलंत, आणि त्यानं तरीही पुढं केलेला चहा काचेआडून बघत राहिलात. आपल्या कोकणातल्या किंवा देशावरच्या कुठल्याही घरी असं केलं असतंत, तर तुमच्याच आईवडिलांनी तुम्हाला फटकारलं असतं.

आता "औरंग्याची मशीद" या शब्दाबद्दल. ज्यांनी तो उच्चारला त्यांचा राग मला समजतो. माझा जन्म त्याच शहरातला, पण शाळेतले धडे तुमचेच. संभाजीराजांचे हाल करून त्यांना मारणाऱ्या बादशहाबद्दल मला प्रेम वाटावं असं कुणी मागत नाही आणि मला ते वाटतही नाही. शहराचं नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. मी अर्ध्याहून अधिक आयुष्य औरंगाबादची म्हणून सांगितलं, आता तसं सांगत नाही. हे पत्र नावासाठी नाहीच. त्या शहरानं नावं पुष्कळ पाहिली आहेत. आधी ते खडकी होतं, मग मलिक अंबरच्या मुलानं, फत्तेखानानं, त्याला फतेहनगर म्हटलं, आणि औरंगजेबाचं नाव लागलं ते १६५३ मध्ये.

पण ती मशीद औरंगजेबाची नाही हो. ती त्याच्या जन्माच्याही आधीची आहे. औरंगजेब जन्मला १६१८ साली. मशीद उभी राहिली १६१२ साली आणि ती उभी केली मलिक अंबरनं. निजामशाहीचा हा वजीर हबशी होता. इथिओपियात जन्मला, पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात बगदादवरून दख्खनला पोचला. इथं त्यानं बुडत्या निजामशाहीला वीस-पंचवीस वर्षं खांदा दिला. अकबराच्या आणि जहांगिराच्या फौजांना त्यानं दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. डोंगरदऱ्यांतून, छोट्या टोळ्यांनी, रसद तोडत लढायची ती रीत, जिला आपण गनिमी कावा म्हणून छाती फुगवतो, ती त्याच्या फौजेतल्या मराठा बारगिरांनी त्याच्याबरोबर घासूनपुसून लख्ख केली. जहांगीर त्याच्यावर इतका चरफडे की अबुल हसन या चित्रकाराकडून त्यानं एक चित्र काढून घेतलं. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. चित्रात मारला, प्रत्यक्षात कधी मारता आला नाही. अंबर १६२६ मध्ये ऐंशीच्या घरात, आपल्या मरणानं मेला. खुलताबादला त्याची कबर आहे.

शनिवारी आपण वेरूळला भोसल्यांच्या गढीपाशी थांबलो होतो. तुम्ही शहाजीराजांच्या स्मारकापुढं हात जोडलेत, "जय भवानी" म्हणालात, लहान मुलांना मांडीवर घेऊन गोष्ट सांगितलीत. मला फार बरं वाटलं होतं. पण ती गोष्ट तुम्ही अर्धी सांगितलीत. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरकर एक होऊन चालून आले, तेव्हा शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूनं लढत होते. तलावाचा बांध फोडून अंबरनं शत्रूच्या छावणीचा चिखल करून टाकला. त्या लढाईत शहाजीराजांचे धाकटे भाऊ शरीफजी कामी आले. पुढं अंबर आणि शहाजीराजे यांचं बिनसलं, राजे काही काळ विजापूरकरांकडे गेले, हेही खरं. तरी त्या दिवशी त्यांचं रक्त एका बाजूला सांडलं होतं. ज्या माणसाच्या निशाणाखाली शरीफजी पडले, त्यानं बांधलेल्या कमानीखाली दहा मिनिटं उभं राहायला तुम्ही नाही म्हणालात.

मशीद बघितली असतीत तर मी तुम्हाला काय दाखवणार होते, ते सांगते. दर्शनी बाजूला नऊ टोकदार कमानी आहेत. त्यातल्या पाच अंबरच्या, उरलेल्या चार औरंगजेबानं पुढं वाढवल्या. आत पन्नास बहुकोनी खांब, पाच रांगांत. त्यांच्यावरून कमानी अशा टाकल्या आहेत की सगळ्या जागेचे सत्तावीस सारखे चौक पडतात आणि प्रत्येक चौकावर एक घुमटाकार छत. नक्षी फारशी नाही. लांबून बघणाऱ्याला ती साधीच वाटेल. खांबांमधून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघत चाललं की मात्र कमानीमागून कमानी उघडत जातात. लहानपणी आमचे वडील आम्हाला अंगणात उभं करून म्हणायचे, पाच कुठं संपतात आणि चार कुठं सुरू होतात ते शोधा. मला तो सांधा कधीच सापडला नाही. गेल्या जानेवारीत त्या नववीतल्या मुलाला मी हेच सांगितलं. तो दोन्ही टोकांनी मोजत गेला, खांबांना हात लावून बघत राहिला, आणि मला म्हणाला, आजी, पुढच्या वेळी वही आणतो.

वडील नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात कारकून होते. त्यांच्या टेबलात शहराखालच्या जुन्या नहरींचा हातानं काढलेला नकाशा असायचा. त्यामुळं अंबर आमच्या घरात तलवारीमुळं नव्हता, पाण्यामुळं होता. शहरात येणारी नहर-ए-अंबरी त्यानं १६१७ च्या सुमाराला सुरू केली. उत्तरेच्या डोंगरांतून, हर्सूलच्या बाजूनं, जमिनीखालून बोगद्यानं पाणी आणलं. वाटेत हवा आणि सफाईसाठी विहिरीसारखी तोंडं ठेवली. शहरात आल्यावर ते खापराच्या नळांतून, दगडी मनोऱ्यांवर चढवून दाब देत देत, चौकाचौकांतल्या हौदांपर्यंत नेलं. नुसत्या उतारावर. ना इंजिन, ना पंप. वडील आम्हाला नेऊन त्या मनोऱ्यांना कान लावायला सांगायचे. आत पाणी चढतानाचा आवाज येतो का बघा, म्हणायचे. पाणचक्कीचं पाणीही असंच डोंगरातून येतं. अठराव्या शतकातली ती वेगळी नहर, पण विद्या तीच. तिथं भिंतीवरून कोसळणाऱ्या धारेचे तुम्ही किती व्हिडिओ घेतलेत! हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे, असं मी सांगितल्यावर पहिल्या मजल्यावरच्या वहिनी खाली जाऊन वर हात लावून आल्या. तसंच पाणी, तीच विद्या, तिथून काही मिनिटांवर मशीद. पाणचक्कीत तुम्ही रमलात. मशिदीपाशी बसचं दार लागलं.

आणि मकबरा? याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण तिथंच मला कळलं की अडचण औरंगजेबाची नाही. मकबरा कुणाचा आहे? औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिचा, १६६० च्या सुमारास पुरा झालेला. तुम्ही सगळ्यांनी तिकीट काढलंत. चपला काढल्यात, पायऱ्या चढलात, जाळीतून खाली कबर पाहिलीत, घुमटापुढं ओळीनं उभं राहून फोटो काढलेत. तो फोटो आजही आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे. तेव्हा कुणी औरंग्याचं नाव काढलं नाही. दौलताबादच्या किल्ल्यातल्या खिलजींच्या काळातल्या मशिदीतही तुम्ही शिरलात, कारण तिच्यात आता भारतमातेची मूर्ती आहे. तिथले खांब तुमच्यातल्या दोघांनी पैज लावून मोजले. मग मोगलांशी जन्मभर लढलेल्या माणसाच्या मशिदीपाशीच पाय का अडले?

मला सापडलेलं उत्तर कटू आहे आणि ते लिहिताना माझा हात अडखळतो. मकबऱ्यात कुणी राहत नाही. तिथं हिरवळ आहे, कारंजी आहेत, तिकीटघर आहे. या मशिदीत दिवसातून पाच वेळा माणसं येतात. मुलं शिकतात, म्हातारे खांबाला टेकून बसतात, बाहेर हातगाड्या लागतात, सायकली उभ्या असतात. तिच्याशी गाठ घालायची म्हणजे तिथल्या माणसांशी डोळ्याला डोळा भिडवावा लागतो. मेलेल्या माणसांचे दगड आपण हौसेनं बघतो, त्या दगडांच्या सावलीत जगणारी माणसं आपल्याला नकोशी होतात. ज्या वहिनींनी वस्तीची भीती घातली, त्यांना मी एवढंच सांगेन की त्याच वस्तीतून मी दोन वेण्या घालून शाळेत गेले आहे.

कुणी म्हणेल, काकूंना त्या लोकांचा पुळका आहे. माझ्या आजीनं रझाकारांचे दिवस पाहिले होते. १९४८ च्या त्या उन्हाळ्यात ती चार लेकरं घेऊन गावाबाहेर पडली होती, आणि मोगलाईतून बाहेर कशी आली ते आम्हाला सांगताना तिचा आवाज शेवटपर्यंत कापायचा. तिनं कुणाला माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण ती परत आली ती त्याच गल्लीत, आणि बांगड्या भरायला, मसाला आणायला शाहगंजच्या बाजारात मरेपर्यंत जात राहिली. तिचा राग खरा होता आणि तिचं जाणंही खरं होतं. तिला दोन्ही जमलं. तुमच्यापैकी कुणावर तसं काहीच गुदरलेलं नाही आणि तरी काच उघडत नाही.

त्या दीड तासात मशिदीनंतर मी तुम्हाला पायी फिरवणार होते. आधी भडकल दरवाजा. तो अंबरनंच १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारला. आज त्याच्याशेजारी बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि जयंतीला तिथं माणूस मावत नाही. मग किलेअर्कच्या बाजूला एक नजर. औरंगजेब बादशहाचा महाल १६९२ चा, आणि त्या आवारात आज चित्रकला शिकणारी पोरं मांडीवर बोर्ड घेऊन बसतात. सिटी चौकातून सराफ्यात आणि शाहगंजला. तिथली मशीद उंच जोत्यावर आहे, तिच्या तीन बाजूंना खाली दुकानं, वर पाच कमानींची दर्शनी बाजू, मधोमध कमळाच्या पाकळ्यांवर बसवल्यासारखा घुमट. तिच्याजवळ जुना घड्याळाचा मनोरा. मग राजाबाजारात संस्थान गणपतीपुढं तुम्हाला नमस्कार करायला लावणार होते. शहराचा ग्रामदैवत गणपती तो, विसर्जनाची मिरवणूक त्याच्यापासून निघते. शेवटी गुलमंडीवर सुपारी हनुमानाचं दर्शन आणि गरम इमरती. जुन्या शहरात हे सगळं एका दमात पायी होतं. एकाचा रस्ता दुसऱ्याच्या अंगणातून जातो. मशीद टाळून गणपतीकडे जायची वाट तिथं आहे, पण मला ती कुणी शिकवली नव्हती.

बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात त्याला. १६८२ मध्ये औरंगजेबानं भोवती तट बांधला, तो मराठ्यांच्याच धास्तीनं. तो तट आता बहुतेक गेला आहे. दरवाजे उरलेत तेही रस्त्याच्या मधे, गाड्यांच्या धुरात. अलीकडे स्मार्ट सिटीच्या पैशातून काहींची डागडुजी झाली, शाहगंजचं घड्याळ दुरुस्त झालं, त्याबद्दल मी मनापासून आनंद मानते. पण अंबरच्या नहरीचे नळ खोदकामात, पायाभरणीत, गटारं काढताना फुटत गेले. आज शहराला पाणी जायकवाडीहून उपसून आणावं लागतं आणि तरी कित्येक वस्त्यांत नळ अनेक दिवसांनी एकदा येतो. माझी वहिनी अजून फोनवर आधी पाणी आलं की नाही हे सांगते, मग बाकीची खुशाली. या पडझडीला कारणं पुष्कळ असतील. त्यांतलं एक कारण मात्र आपल्या बसमध्ये बसलं होतं. ज्या गोष्टीला कुणी आपली म्हणत नाही, ती फुटली तर कुणी ओरडत नाही. बाहेरून येणारा बघायला उतरतच नसेल, तर आतला माणूस तरी कुणाच्या भरवशावर सांभाळणार?

आणि हे तुम्हाला न समजण्यासारखं नाही, म्हणून तर मला जास्त लागलं. आपण मंडपेश्वरच्या लेण्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. पाहुणे आले की तुम्ही त्यांना हमखास तिकडे नेता. मीही नेते. शैव लेणं, सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी त्याचं चर्च केलं, वर मठ बांधला, आत एका कोरीव शिल्पावर क्रूस कोरला. आज तिथं पुन्हा पिंडीवर पाणी पडतं, महाशिवरात्रीला रांग लागते, वरचे पोर्तुगीज अवशेष तसेच उभे आहेत. शेजारची वस्ती आय. सी. कॉलनी, म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शन, तिथल्या चर्चच्या नावावरून. तुम्ही पाहुण्यांना तो क्रूसही दाखवता आणि म्हणता, बघा, किती थर आहेत आपल्या बोरिवलीला. तिथं खरोखर देवळावर घाव घातलेला आहे, तरी तुम्ही ती जागा सगळ्या थरांसकट आपली मानलीत. तुमच्यात हे मोठेपण आहे, ते मी पंचेचाळीस वर्षं पाहते आहे. २६ जुलैच्या पुरात तुम्ही अनोळखी माणसांना जिन्यात झोपायला जागा दिलीत. ती माणसं कोण, कुठली, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

मी १९८१ मध्ये लग्न होऊन इथं आले, तेव्हापासून मला एक सवय लागली होती. कुणी माहेर विचारलं की मी शहराचं नाव घ्यायची आणि लगेच "वेरूळ-अजिंठ्याजवळ" असं जोडायची, म्हणजे समोरच्याचा चेहरा खुलायचा. मशिदी, दरवाजे, नहर, गल्ल्या, यांतलं काही मी कधी सांगितलं नाही. माझ्या मुलांनाही पुरतं दाखवलं नाही. तुमच्या काचा बंद राहिल्या, त्यात माझ्या या चाळीस वर्षांच्या गप्प राहण्याचाही वाटा आहे. हे मी तुमच्यापुढं कबूल करते.

परतताना त्या गृहस्थांनी उरलेले खजूर कागदात बांधून माझ्या हातात दिले होते. बसमध्ये चढल्यावर मी ते कुणाला वाटले नाहीत. मला भीती वाटली की कुणी घेणार नाही, आणि ते मला पाहवणार नाही. घरी येऊन आम्ही दोघांनीच ते संपवले. गेल्या महिन्यात त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी पहिलं हेच विचारलं, तुम्हारे लोग अब ठीक हैं? मी थकवा सांगितला होता ना, तो त्यांनी खरा धरला होता. मी हो म्हटलं.

येत्या जानेवारीच्या सहलीचा कागद कालच नोटीस बोर्डावर लागला. पुन्हा तिकडेच जायचं ठरलं आहे, कारण ज्यांची गेल्या वेळी अजिंठ्याची हुकली त्यांचा आग्रह आहे. सोमवारी सकाळी दहा ते साडेअकरा या वेळेपुढं यंदा "खरेदीसाठी मोकळा वेळ" असं लिहिलं आहे. मशीद काढून टाकली आहे. तुम्ही खरेदी करा, माझी तक्रार नाही. मी मात्र आमखास मैदानाशी उतरणार आहे. त्या गृहस्थांना मी आकडा अजून कळवलेला नाही. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं माझं नाव लिहून ठेवलं आहे आणि त्या मुलानं त्याचं. खाली बरीच जागा आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी पंधरा तारखेच्या आत नाव लिहा, म्हणजे या वेळी मी त्यांना खरा आकडा सांगेन.

तुमची शेजारीण,
तिसरा मजला